अक्कलकोट रोडवरचा क्लस्टर: पीव्हीसी ‘बाउंड’ होता, डेटा मात्र गेला

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टेरी टॉवेलचं एक मध्यम युनिट. ऑर्डर, डिझाइन आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर आधी एकाच जुन्या सर्व्हरवर चालायचं. ते कंटेनरमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पाकीट) घालून तीन नोडच्या, म्हणजे तीन सर्व्हरच्या, कुबरनेटीस क्लस्टरवर नेलं. असे कंटेनर अनेक मशिनवर चालवणारी प्रणाली म्हणजे कुबरनेटीस. प्रत्येक नोडला ३२ जीबी रॅम आणि एक एसएसडी. शेजारी स्टोरेजसाठी वेगळा बॉक्स: ४ टीबीच्या दोन हार्डडिस्क रेड-१ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा), वर उबुंटू लिनक्स आणि एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देणारी सेवा. मध्ये गिगाबिट स्विच. क्लस्टरमध्ये एनएफएसचा सीएसआय ड्रायव्हर (कुबरनेटीसला स्टोरेजशी जोडणारा), एकच स्टोरेज क्लास (जागा कुठून आणि कशी द्यायची याची व्याख्या), आणि सगळ्या ॲप्सचे पीव्हीसी, म्हणजे जागेची मागणी, त्याच एका क्लासमधून.

सगळे पीव्हीसी लगेच ‘बाउंड’ झाले. पॉड (कुबरनेटीसमध्ये चालणारं ॲपचं एकक) एका नोडवरून दुसऱ्यावर हलवला तरी फाइली जागच्या जागी मिळत होत्या, म्हणून स्टोरेजचं काम संपलं असं धरलं गेलं. उन्हाळ्यातल्या एका दुपारी लाइट गेली, काही मिनिटांत आली, आणि त्यानंतर ऑर्डरचा डेटाबेस, पोस्टग्रेस, काही उठेना. लॉगमधली शेवटची ओळ पॅनिकची होती: वैध चेकपॉइंट रेकॉर्ड (‘इथपर्यंतचं सगळं डिस्कवर गेलं’ ही खूण) सापडत नाही.

‘बाउंड’ याचा अर्थ एवढाच की मागणीला एक व्हॉल्यूम (साठवणीची जागा) जोडून मिळाला. लिहिलेलं टिकेल की नाही, याबद्दल कुबरनेटीस तिथे काहीही सांगत नाही. ते ठरतं खाली: माउंटचे पर्याय (नोड ती जागा कशी जोडून घेतो), एक्सपोर्टचे पर्याय (बॉक्स ती कशी देतो), डिस्कची कॅश आणि यूपीएसची बॅटरी. या युनिटमध्ये या चारपैकी तीन ठिकाणी गडबड होती.

एका कमिटचा प्रवास

डिस्पॅचच्या टेबलावर कोणी ऑर्डर सेव्ह करतो. पोस्टग्रेस तो बदल आधी आपल्या वॉल फाइलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहितो आणि कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) एफसिंक मागतो, म्हणजे ‘हे डिस्कवर गेल्याशिवाय मला हो म्हणू नको’. फाइल एनएफएसवर असल्यामुळे नोडचा कर्नल ती मागणी नेटवर्कवरून स्टोरेज बॉक्सकडे पाठवतो. एक्सपोर्ट ‘सिंक’ असेल तर बॉक्स डेटा डिस्कवर टाकतो आणि मगच होकार देतो. इथे एक्सपोर्टच्या ओळीत ‘असिंक’ होतं. वेग चांगला दिसतो म्हणून बऱ्याच ठिकाणी ते लिहिलं जातं. असिंकमध्ये डेटा बॉक्सच्या रॅममध्ये पोहोचला की होकार जातो. लिनक्स अशी पानं (रॅममधले डेटाचे तुकडे) नेहमीच्या सेटिंगला साधारण ३० सेकंद जुनी झाल्यावर डिस्ककडे ढकलतो. तेवढ्या अवधीत वीज गेली तर स्क्रीनवर ‘सेव्ह झालं’ असं दिसलेली ऑर्डर कुठेच उरत नाही.

शेवटच्या अर्ध्या मिनिटाचा डेटा गेला असता तर निभावलं असतं. खरा घात क्रम बिघडल्यामुळे होतो. पोस्टग्रेसची सगळी मदार एका नियमावर आहे: आधी वॉल डिस्कवर, मग ‘शेवटचा चेकपॉइंट इथे आहे’ असं सांगणारी कंट्रोल फाइल. रॅममधली पानं डिस्कवर नेताना बॉक्सचा कर्नल पोस्टग्रेसचा हा क्रम पाळायला बांधील नसतो. कंट्रोल फाइल आधी उतरली, वॉल उतरायच्या आत वीज गेली. लाइट आल्यावर पोस्टग्रेसने कंट्रोल फाइल वाचली, तिने दाखवलेल्या जागी पाहिलं, तिथे काहीच नाही. म्हणून पॅनिक.

दुसरी चूक माउंटमध्ये होती. ‘सॉफ्ट’ पर्याय आणि त्यावर अगदी कमी टाइमआउट. एनएफएसचा मूळ स्वभाव ‘हार्ड’ आहे: सर्व्हर गेला तर क्लायंट थांबून राहतो आणि सर्व्हर परतला की काम पुढे सुरू. सॉफ्टमध्ये ठरावीक प्रयत्नांनंतर क्लायंट ॲपला आय/ओ एरर देऊन मोकळा होतो. नोड चांगल्या यूपीएसवर असल्यामुळे चालू होते, बॉक्स बंद पडला होता. काही सेकंदांत पोस्टग्रेसला एरर मिळाली. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या सुधारणांपासून पोस्टग्रेस एफसिंक फसला तर मुद्दाम स्वतःला पाडतो, आणि ते योग्यच आहे, कारण फसलेला एफसिंक पुन्हा मागितला तर कर्नल खोटा होकार देऊ शकतो. सॉफ्ट पर्याय देणाऱ्याची भीती अशी असते की हार्डमध्ये प्रोसेस ‘डी’ अवस्थेत (डिस्कची वाट पाहत) अडकते आणि कधी कधी सक्तीच्या किलनेही मरत नाही. ती भीती खरी आहे. तरी ज्या माउंटवर ॲप लिहितं तिथे हार्डच हवं. अडकलेली प्रोसेस सर्व्हर परत आला की सुटते. अर्धवट लिहिलेली फाइल मात्र कायमची तशीच राहते.

तिसरं कारण यूपीएस. स्टोरेज बॉक्सचा यूपीएस एसीच्या खोलीबाहेर, पत्र्याच्या शेडला लागून ठेवला होता. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरलेलं असतं आणि त्यावर दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच ४० च्या वर असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. बॅटरी दिव्यावर ‘फुल’ दाखवत होती, पण लोड तिच्यावर येताच बसली. टॉवेलच्या युनिटमध्ये आणखी एक त्रास म्हणजे कापसाचे तंतू. यूपीएसच्या जाळीवर त्यांचा थर बसला की आतली हवा फिरत नाही.

वॉल रीसेट करण्याचं साधन पोस्टग्रेससोबतच येतं आणि अशा वेळी हात तिकडे जातो. ते चालवल्यावर डेटाबेस उठतो खरा, पण आतली टेबलं एकमेकांशी जुळतीलच असं नाही, आणि ते लगेच कळतही नाही. दुसरा कोणताच बॅकअप नसेल तरच ते वापरावं, तेही डिरेक्टरीची पूर्ण प्रत बाजूला काढून, आणि उठलेल्या डेटाबेसमधून डेटा डम्प करून नव्या डेटाबेसमध्ये भरण्यासाठीच. इथे आदल्या रात्रीचा डम्प होता. तो परत चढवला आणि त्या दिवशीच्या ऑर्डर चलनबुकांवरून पुन्हा भरल्या.

कोणता डेटा कुठे

नवी मांडणी करताना पहिला प्रश्न विचारला: या फाइलींवर कोण लिहितं, किती जण एकाच वेळी लिहितात आणि दर लिखाणाला एफसिंक लागतो का? उत्तरांतून तीन गट पडले.

डॉबी आणि जॅकार्ड मागांच्या डिझाइन फाइली, नमुन्यांचे फोटो, चलनांच्या पीडीएफ. या अनेक पॉड अनेक नोडवरून वाचतात-लिहितात, म्हणजे ‘रीडराइटमेनी’ हवं. फाइल एकदा लिहिली की फारशी बदलत नाही. यासाठी एनएफएस उत्तम.

पोस्टग्रेस. लिहिणारा एकच, पण सतत छोटे एफसिंक. एनएफएसवर पोस्टग्रेस चालतच नाही असं नाही. हार्ड माउंट आणि सिंक एक्सपोर्ट असेल तर चालतो. पण एका बॉक्समधल्या फिरत्या डिस्कवर प्रत्येक कमिटला थांबायचं म्हटलं की सिंक केल्यावर वेग कोसळतो, आणि मग कोणीतरी पुन्हा असिंक लिहितं. म्हणून तो लाँगहॉर्नच्या ब्लॉक व्हॉल्यूमवर नेला. लाँगहॉर्न नोडच्या डिस्कवर डेटाच्या प्रती ठेवतो आणि ॲपला स्वतंत्र डिस्कसारखी जागा देतो.

मागाच्या रीडिंग गोळा करणारा प्रोमिथियस. त्याच्या अधिकृत माहितीतच एनएफएसला आधार नाही असं लिहिलेलं आहे. तो नोडच्या स्थानिक डिस्कवर ठेवला. १५ दिवसांच्या रीडिंग गेल्या तरी युनिट थांबत नाही. एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) वापरणारं छोटं ॲप कोणी आणलं तर तेही एनएफएसपासून लांब ठेवायचं. त्याचा वॉल मोड नेटवर्क फाइलसिस्टिमवर चालत नाही आणि लॉकिंगवरही भरवसा ठेवता येत नाही.

सेफचा (अनेक नोडच्या डिस्क एकत्र करून चालवणाऱ्या स्टोरेज प्रणालीचा) विचार झाला. तीन नोडवर तो बसतो, पण प्रत्येक ओएसडीचं (एक डिस्क सांभाळणाऱ्या सेफच्या प्रोसेसचं) मेमरीचं लक्ष्यच मुळात ४ जीबी असतं, आणि बिघाड झाल्यावर तो समजणारा माणूस युनिटमध्ये हवा. ३२ जीबीच्या नोडवर आणि एका आयटीवाल्याच्या भरवशावर तो आणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एनएफएस, नीट बांधलेला

बॉक्सच्या डिस्कवर एलव्हीएमने दोन वेगळे व्हॉल्यूम पाडले, एक डिझाइनसाठी, एक चलनांसाठी, आणि दोन्ही वेगळे एक्सपोर्ट केले. कारण असं: एनएफएसच्या पीव्हीसीत २० जीबी लिहिलं तरी ती मर्यादा कोणी पाळत नाही. सीएसआय ड्रायव्हर शेअरमध्ये प्रत्येक पीव्हीसाठी (पीव्हीसीला मिळालेल्या व्हॉल्यूमसाठी) फक्त एक उपडिरेक्टरी बनवतो. पॉड संपूर्ण शेअर भरेपर्यंत लिहू शकतो. एकाच शेअरवर असताना फोटोंनी जागा संपवली की चलन छापणंच बंद पडतं आणि गाडी गेटवर उभी राहते. आणखी बारीक आवर हवा असेल तर एक्सएफएस फाइलसिस्टिमचा प्रोजेक्ट कोटा आहे.

एक्सपोर्टच्या ओळीत सिंक, नो-सबट्री-चेक (फाइल एक्सपोर्टच्या आतच आहे का हे दर वेळी न तपासणं), पक्का एफएसआयडी (एक्सपोर्टचा ओळखक्रमांक) आणि ‘माउंटपॉइंट’ हा पर्याय. हा शेवटचा फार थोडे लोक लिहितात. बॉक्स सुरू होताना रेड जुळली नाही तर डिस्क माउंट होत नाही, पण तिची रिकामी डिरेक्टरी रूट डिस्कवर (जिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम असते) असतेच. एनएफएस ती निमूटपणे एक्सपोर्ट करतो, ॲपना सगळे फोटो गायब दिसतात, आणि नव्या फाइली रूट डिस्कवर साचू लागतात. ‘माउंटपॉइंट’ असेल तर तिथे खरोखर डिस्क माउंट असल्याशिवाय एक्सपोर्ट होत नाही.

रूट-स्क्वॉशचा घोळ प्रत्येकाला एकदा तरी भेटतो. मूळ सेटिंगमध्ये क्लायंटचा रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) सर्व्हरवर ६५५३४ क्रमांकाचा ‘नोबडी’ होतो. ड्रायव्हरला उपडिरेक्टरी बनवता येत नाही आणि पीव्हीसी ‘पेंडिंग’ राहतो. किंवा कंटेनर सुरू होताना चोन करू (फाइलींचा मालक बदलू) पाहतो आणि ‘परवानगी नाही’ म्हणून पडतो. यावर उपाय म्हणून सगळ्या नेटवर्कला नो-रूट-स्क्वॉश देऊ नये. एनएफएसची साधी ओळख फक्त आयपी आणि यूआयडीवर (वापरकर्त्याच्या क्रमांकावर) चालते, म्हणजे ऑफिसातला कोणताही लॅपटॉप रूट बनून सगळं पुसू शकेल. नो-रूट-स्क्वॉश फक्त तीन नोडच्या आयपींना दिलं, तेही स्टोरेजच्या वेगळ्या व्हीलॅनवर (स्विचमध्येच वेगळं काढलेलं नेटवर्क). पॉड रूटऐवजी साध्या यूआयडीने चालतात. डिरेक्टरीचा मोड २७७० (मालक आणि गटालाच परवानगी, नव्या फाइलींना तोच गट), एक ठरलेला गट, आणि तो गट पॉडच्या पूरक गटांत.

माउंटचे पर्याय: हार्ड आणि आवृत्ती ४.१. आवृत्ती सांगितली नाही आणि वाटाघाटीत ३ ठरली, तर लॉकिंगसाठी वेगळी सेवा लागते आणि ती चालू नाही म्हणून माउंट अडतं. ४ ला फायरवॉलमध्ये २०४९ हा एकच पोर्ट पुरतो. हे पर्याय स्टोरेज क्लासमध्ये लिहिले जातात, पण ते पीव्ही बनताना त्यात उतरतात. क्लास सुधारला म्हणून जुने पीव्ही सुधारत नाहीत. या युनिटमध्ये जुने पीव्ही नव्याने बनवून फाइली आरसिंकने हलवाव्या लागल्या. कोणता पॉड खरंच कोणत्या पर्यायांनी माउंट आहे, ते नोडवर ‘एनएफएसस्टॅट’ एम पर्यायासह चालवून पाहावं, यॅमल (सेटिंगची फाइल) वाचून नव्हे.

दोन्ही क्लासना रिक्लेम धोरण (पीव्हीसी गेल्यावर व्हॉल्यूमचं काय करायचं) ‘रिटेन’. आपोआप बनलेल्या पीव्हीचं मूळ धोरण ‘डिलीट’ असतं: कोणी चाचणी समजून नेमस्पेस (ॲपचा क्लस्टरमधला कप्पा) पुसली, तर पीव्हीसी जातो आणि त्यामागे डेटा. रिटेनमध्ये पीव्ही ‘रिलीज्ड’ होऊन राहतो. परत जोडायचा तर त्यातला जुना क्लेमरेफ (आधीच्या पीव्हीसीचा संदर्भ) काढावा लागतो. एकही क्लास ‘डीफॉल्ट’ ठेवला नाही. क्लासचं नाव न लिहिलेला पीव्हीसी पेंडिंग राहतो, आणि ते बरंच आहे: डेटा कुठे जाणार हे लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं.

डेटाबेससाठी लाँगहॉर्न

प्रत्येक नोडला दुसरी एसएसडी घातली, पॉवर-लॉस प्रोटेक्शन असलेली. वीज जाताना कॅशमधलं लिखाण पुरं करायला तिच्यात कपॅसिटर असतात, म्हणून तिचा एफसिंक खराही असतो आणि जलदही. साध्या घरगुती एसएसडीवर आकडे छान येतात ते एफसिंक नसताना. ही डिस्क लाँगहॉर्न बसवण्याआधी त्याच्या डेटाच्या जागी माउंट करायची. माउंट करायची राहिली तर लाँगहॉर्न रूट डिस्कवर लिहितो, ती भरते आणि क्युबलेट (नोडवरचा कुबरनेटीसचा कारभारी) ‘डिस्कप्रेशर’ म्हणून पॉड हाकलू लागतो. रूट डिस्कवर एटसीडीही (क्लस्टरच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस) असतो, आणि त्याला ९९ टक्के एफसिंक १० मिलिसेकंदांच्या आत हवे असतात.

प्रत्येक नोडवर ओपन-आयएससीएसआय (नेटवर्कवरून डिस्क जोडणारं साधन) हवंच. उबुंटूवर मल्टिपाथची सेवा (एकाच डिस्कचे अनेक मार्ग सांभाळणारी) आधीच चालू असते. ती लाँगहॉर्नची डिव्हाइस स्वतःची समजून पकडते आणि पॉड ‘आधीच माउंट आहे किंवा माउंट पॉइंट व्यस्त आहे’ म्हणून अडकतो. मल्टिपाथची गरज नसेल तर सेवा बंद करा, असेल तर लाँगहॉर्नच्या डिव्हाइसना ब्लॅकलिस्टमध्ये टाका.

रेप्लिका (डेटाच्या प्रती) मुळात तीन असतात, इथे दोन ठेवल्या. लिखाण सगळ्या रेप्लिकांवर पोहोचल्यावरच पुरं होतं, आणि तिसरी प्रत ठेवण्यापेक्षा बाहेरचा बॅकअप जास्त मोलाचा. गिगाबिट लिंकवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. रेप्लिका नव्याने बांधताना तीच लिंक भरते आणि डेटाबेस ताटकळतो. म्हणून स्टोरेजला १० गिगाबिटचा वेगळा छोटा स्विच दिला. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० ठेवला, तो सगळीकडे. एक पोर्ट जरी १५०० वर राहिला तर पिंग चालतं, माउंट होतं आणि मोठी फाइल लिहिताना सगळं गोठतं. तपासायला ‘तुकडे करू नको’ असं सांगून ८९७२ बाइटचा पिंग प्रत्येक जोडीत दोन्ही बाजूंनी मारावा. उरलेले २८ बाइट हेडरचे.

५० जीबीचा व्हॉल्यूम ५० जीबीच घेईल असं नाही, स्नॅपशॉट वेगळी जागा खातात. फाइल पुसली तरी ट्रिम केल्याशिवाय ती जागा लाँगहॉर्नला परत मिळत नाही, म्हणून आठवड्याला ट्रिमचं काम लावलं. पीव्हीसी वाढवता येतो, कमी करता येत नाही. सुरुवात लहान करावी.

प्लग ओढून पाहिल्याशिवाय नाही

वीजपुरवठा आधी सुधारला. दोन्ही स्विच यूपीएसवर घेतले, यूपीएस एसीच्या खोलीत आणला आणि सगळ्या मशिनवर नट (यूपीएसवर नजर ठेवून मशिन वेळेत बंद करणारं सॉफ्टवेअर) बसवलं. बॅटरी उतरू लागली की आधी नोड बंद व्हायचे, बॉक्स सगळ्यात शेवटी. उलट झालं तर हार्ड माउंट सोडताना नोड लटकतो आणि बॅटरी संपेपर्यंत लटकलेलाच राहतो. लाइट आल्यावर क्रम स्विच, बॉक्स, नोड.

मग चाचणी. क्लस्टरबाहेरच्या लॅपटॉपवरून एक छोटी स्क्रिप्ट पोस्टग्रेसमध्ये चढते आकडे टाकते आणि कमिट झाल्यावरच तो आकडा स्क्रीनवर छापते. ती चालू असताना ज्या नोडवर पोस्टग्रेस आहे त्याची विजेची वायर ओढून काढायची. डेटाबेस परत उठल्यावर स्क्रीनवरचा शेवटचा आकडा टेबलात असलाच पाहिजे. टेबलात एखादा आकडा जास्त असेल तर चालतं: कमिट झाला, उत्तर पोहोचलं नाही. एक जरी कमी असेल तर वाटेत कोणीतरी खोटा होकार देत आहे.

या चाचणीत पोस्टग्रेस दुसऱ्या नोडवर आपणहून उठला नाही. नोड दिसेनासा झाल्यावर कुबरनेटीस आधी ३०० सेकंद वाट पाहतो, मग पॉडवर ‘टर्मिनेटिंग’ लागतं, पण स्टेटफुलसेट (डेटाबेससारखे पॉड सांभाळणारा कुबरनेटीसचा घटक) जुना पॉड खरंच मेल्याची खात्री झाल्याशिवाय नवा उभा करत नाही. हे योग्य आहे. एकाच डेटावर दोन पोस्टग्रेस यापेक्षा बंद पोस्टग्रेस परवडला. नोड खरंच बंद आहे हे डोळ्यांनी पाहून त्याला ‘आउट-ऑफ-सर्व्हिस’ टेंट (नोडवरची खूण) लावला की व्हॉल्यूम सुटतो. ही सोय कुबरनेटीस १.२८ पासून स्थिर आहे. लाँगहॉर्नमध्ये नोड पडल्यावर पॉड आपोआप काढण्याचं सेटिंगही आहे, मुळात ते बंद असतं. रात्रपाळीला कोणी नसतं म्हणून इथे ते स्टेटफुलसेटपुरतं चालू केलं.

एनएफएस बॉक्सचीही वायर काढून पाहिली. डिझाइनचं पान लटकलं आणि बॉक्स परतल्यावर आपोआप चालू झालं, पण लगेच नाही. एनएफएस ४ चा सर्व्हर उठल्यावर ९० सेकंदांपर्यंत जुन्या क्लायंटना आपली लॉक परत घ्यायला मुदत देतो, तोवर नवीन उघडणं थांबतं. त्या दीड मिनिटात कोणी घाबरून पुन्हा रीस्टार्ट केलं तर मुदत पुन्हा पहिल्यापासून. हे एका कागदावर लिहून रॅकच्या दारावर चिकटवलं आहे.

बॅकअप या सगळ्याच्या बाहेर. रेड आणि रेप्लिका डिस्क मेल्यावर उपयोगी. चुकीचं डिलीट त्या तितक्याच इमानाने दोन्हीकडे लिहितात. पोस्टग्रेसचा रोजचा बेस बॅकअप आणि सतत पाठवलेली वॉल, दोन्ही युनिटच्या शहरातल्या ऑफिसमधल्या दुसऱ्या मशिनवर जातात, आणि महिन्यातून एकदा तिथेच डेटाबेस उभा करून ऑर्डरची संख्या मूळ डेटाबेसशी ताडून पाहिली जाते.

एनएफएसचा बॉक्स अजूनही एकच आहे. तो जळला तर डिझाइन आणि चलनं आरसिंकच्या शेवटच्या फेरीपासून, म्हणजे जास्तीत जास्त एका तासाची, जातील. मालकांनी हे समजून मान्य केलं आहे. पर्यायी बॉक्सला तोच आयपी, तीच पाथ आणि तोच एफएसआयडी दिला तरी फाइलींचे आयनोड (आतले क्रमांक) वेगळे असतात, त्यामुळे चालू पॉडना ‘स्टेल फाइल हँडल’ येईल. अशा वेळी आधी पॉड शून्यावर आणायचे, नोडवर लटकलेलं माउंट राहिलं असेल तर सक्तीने काढायचं, आणि मग पॉड परत चढवायचे.